वैराऊ १८४३: झोपडी जाळली, पण आधी सामान बाहेर काढून ठेवलं

मोजणीवाले शेतात आले, साखळ्या टाकल्या, खुंट्या ठोकल्या, की पुढे काय होतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वैराऊ नावाचं एक खोरं आहे, तिथे १८४३ मध्ये अगदी हेच झालं. गोऱ्यांच्या वसाहती वसवायला निघालेल्या न्यूझीलंड कंपनी या खासगी कंपनीचे मोजणीवाले तीन टोळ्या करून खोऱ्यात घुसले. ज्यांची जमीन होती त्या न्गाती तोआ लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या एका जमातीने, खुंट्या उपटल्या, मोजणीवाल्यांना बाजूला केलं, आणि एका सर्व्हेअरची गवती झोपडी जाळून टाकली. जाळायच्या आधी आतलं त्याचं सगळं सामान नीट बाहेर काढून ठेवलं. कुणाला चापटसुद्धा मारली नाही.

सामान बाहेर काढायचं कारण त्यांचा प्रमुख ते राउपराहा याने नंतर तोंडावरच सांगितलं. सामान तुमचं, ते तुम्हाला दिलं, झोपडीचं गवत आणि लव्हाळं माझ्या जमिनीवरचं, ते मी जाळलं, म्हणजे मी माझीच वस्तू जाळली. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टातला वकील हा मुद्दा ऐकून मान डोलावेल.

हे प्रकरण मी का निवडलं तर त्या काळात इंग्लंडमध्ये 'मूळ रहिवाशांचं रक्षण करायचं' अशी एक मोठी लाट होती आणि न्यूझीलंड हा तिचा लाडका प्रयोग होता. त्यावर भाषणं पुष्कळ आहेत, अहवाल पुष्कळ आहेत, पण ही दया प्रत्यक्ष कसोटीला लागली ती वैराऊमध्ये, कारण इथे २२ गोरे मेले आणि मारणारे माओरी होते. आता दयाळू सरकार काय करणार? त्याने जे केलं ते मला आजही थक्क करतं, आणि तीन वर्षांनी जे केलं ते त्याहून जास्त.

ही दया आली कुठून

थोडं मागे जावं लागेल. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला, आणि ती चळवळ चालवणाऱ्या धार्मिक मंडळींकडे अचानक ताकद होती पण हातात काम नव्हतं. मग थॉमस फॉवेल बक्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली हाउस ऑफ कॉमन्सची एक समिती बसली, वसाहतींमधल्या मूळ रहिवाशांचं काय चाललंय ते बघायला. तिचा १८३७ चा अहवाल म्हणजे स्वतःच्याच साम्राज्याविरुद्धचं आरोपपत्र आहे, जिथे जिथे आपले लोक गेले तिथे तिथे रोगराई, दारू, बंदुका आणि जमिनीची लूट घेऊन गेले असं त्यात सरळ लिहिलंय. त्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी एक संस्थाही निघाली, त्यात क्वेकर डॉक्टर थॉमस हॉजकिन पुढे होते.

वसाहत खात्यातसुद्धा हीच माणसं बसलेली. मंत्री होते लॉर्ड ग्लेनेल्ग. हे गृहस्थ जन्मले बंगालमध्ये, वडील चार्ल्स ग्रांट ईस्ट इंडिया कंपनीतले मोठं प्रस्थ, आणि १८१३ च्या चार्टरमध्ये हिंदुस्थानात मिशनऱ्यांना दार उघडून द्या म्हणून ज्या गोतावळ्याने जिवाचं रान केलं त्यातलेच एक. म्हणजे मुंबई इलाख्यात मिशनच्या शाळा आणि छापखाने ज्या विचाराने आले तोच विचार तिकडे न्यूझीलंडच्या उत्तरेला बे ऑफ आयलंड्समध्येही पोचला होता, तिथे तर १८१४ च्या नाताळातच सॅम्युएल मार्सडनने पहिलं प्रवचन दिलेलं. मंत्र्यांच्या खालचे कायम अधिकारी जेम्स स्टीफन, तेही त्याच पंथाचे, खात्याचा खरा मेंदू.

आणि याच लोकांना न्यूझीलंड नको होतं, हे लक्षात ठेवा! मिशनवाल्यांचा तर वसाहतीला जाहीर विरोध होता. पण एडवर्ड गिबन वेकफील्डच्या न्यूझीलंड कंपनीने १८३९ च्या मे महिन्यात सरकारची परवानगी न घेता 'टोरी' नावाचं जहाज पाठवून दिलं, आता लोक जाणारच आहेत तर निदान कायदा तरी आधी पोचू दे, असा विचार करून खात्याने घाईघाईने कॅप्टन हॉब्सनला रवाना केलं. त्याला ऑगस्ट १८३९ मध्ये ज्या सूचना दिल्या त्या तेव्हाचे वसाहतमंत्री लॉर्ड नॉर्मनबीच्या सहीच्या असल्या तरी घडवल्या स्टीफन यांनी. त्यात म्हटलंय की माओरींची संमती मोकळेपणाने आणि समजून-उमजून मिळाली पाहिजे. जमीन फक्त सरकारने घ्यायची, आणि माओरींना अडचण होणार नाही एवढीच घ्यायची.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. अडचण होणार नाही एवढीच, पण किती जमीन गेली की अडचण होते हे ठरवणार कोण? ज्याची जमीन आहे तो? नाही. ते ठरवणार रक्षक. या प्रकरणात पुढे जे काही झालं ते सगळं मला या एका फटीतून आत आलेलं दिसतं.

फेब्रुवारी १८४० मध्ये ब्रिटिश सरकार आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला, इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व गेलं आणि माओरी मसुद्यात 'कावानातंगा' म्हणजे गव्हर्नरपण गेलं पण 'रंगातिरातंगा' म्हणजे प्रमुखपण राहिलं. हा घोळ सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. ते राउपराहाने त्यावर त्याच वर्षी खूण केली, त्याचा पुतण्या ते रंगिहाएआता यानेही केली. रक्षणासाठी एक खातंही काढलं, त्याचा मुख्य रक्षक जॉर्ज क्लार्क, जुना मिशनरी. गंमत अशी की याच रक्षकाला सुरुवातीला सरकारसाठी माओरींकडून जमीन विकत घ्यायचंही काम दिलेलं. म्हणजे कुळाचा वकील आणि सावकाराचा दलाल एकच माणूस. क्लार्कला स्वतःलाच ते अवघड गेलं.

कंपनीचीसुद्धा दया होती

इथे एक गैरसमज होतो, की मिशनवाले चांगले आणि कंपनीवाले राक्षस. तसं सोपं नाहीये. कंपनीही दयेचीच भाषा बोलत होती. तिची योजना अशी की प्रत्येक वसाहतीत दहावा भाग जमीन माओरींसाठी राखून ठेवायची, आणि ती एका कोपऱ्यात न ठेवता गोऱ्यांच्या प्लॉटांमध्ये विखुरलेली ठेवायची, म्हणजे शेजारी राहून ते 'सुधारतील' आणि जमिनीचे भाव वाढले की त्यांचे प्रमुख आयते श्रीमंत होतील. कागदावर किती गोड दिसतं बघा.

नेल्सन ही त्या कंपनीची वसाहत, प्रमुख कॅप्टन आर्थर वेकफील्ड, एडवर्डचा भाऊ, नौदलातला माणूस, आणि सौम्य स्वभावाचा म्हणून लोक त्याला मानायचे. लंडनमध्ये ३०० पौंडाला एक हिस्सा विकला जात होता, त्यात गावात १ एकर, गावाबाहेर ५० एकर आणि लांब शेतीसाठी १५० एकर. असे १००० हिस्से ठरवलेले, म्हणजे २,०१,००० एकर. जहाजं १८४२ च्या फेब्रुवारीत येऊन लागली, लोक उतरले, आणि मग कळलं की इथे डोंगरच डोंगर आहेत आणि सपाट जमीन एवढी नाहीच. आपल्याकडे बिल्डर आधी फ्लॅट विकतो आणि एनए नंतर बघतो, तसलाच प्रकार.

मग कंपनीची नजर गेली वैराऊकडे. नेल्सनपासून शंभरेक किलोमीटर, रुंद, सपाट, गवताळ.

कागद होता का? होता एक. जॉन ब्लेंकिन्सॉप नावाच्या व्हेल मारणाऱ्या कप्तानाने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते राउपराहाकडून एक खरेदीखत करून घेतलेलं, मोबदला म्हणजे जहाजावरची एक तोफ. न्गाती तोआंचं म्हणणं असं की आम्ही त्याला पाणी आणि लाकूड न्यायची परवानगी दिली, खोरं दिलं नाही. कप्तान मेला, कंपनीने त्याच्या बायकोकडून तो कागद ३०० पौंडाला घेतला. दुसरा कागद कंपनीचा स्वतःचा, १८३९ चा, कापिती बेटावर केलेला, ज्यात कुक सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंची मिळून तब्बल २ कोटी एकर जमीन आपण घेतली असा कंपनीचा दावा. ते राउपराहा म्हणाला मी नेल्सनची बाजू दिली असेल, वैराऊ नाही.

हे असले दावे तपासायला लंडनहून विल्यम स्पेन नावाचा कमिशनर आलेला होता. त्याचं काम कूर्मगतीने चाललेलं. ते राउपराहा १८४३ च्या मार्चमध्ये स्वतः नेल्सनला गेला आणि आर्थर वेकफील्डला सांगून आला की मोजणी करू नका. मागणी फार नव्हती, स्पेन येऊ दे, चौकशी होऊ दे, मग बघू. वेकफील्ड म्हणाला मोजणी होणार.

या सबंध प्रकरणात ब्रिटिश कायद्याची वाट पाहायला तयार असलेला माणूस हा ते राउपराहा होता, आणि वाट न पाहणारे ब्रिटिश होते.

तो काही साधुसंत नव्हता हेही सांगितलं पाहिजे. वैराऊमध्ये त्याच्याआधी रंगिताने लोक राहत होते, त्यांना त्यानेच हरवून जमीन घेतलेली. १८३० मध्ये त्याने 'एलिझाबेथ' नावाचं ब्रिटिश जहाज फ्लॅक्सच्या धाग्याच्या बदल्यात भाड्याने ठरवलं, त्यात आपले लढवय्ये लपवून अकारोआला नेले आणि दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू जमातीचा प्रमुख तामाइहारानुई याला फसवून पकडलं, पुढे मारलं. त्यावरून सिडनीत आणि लंडनमध्ये जो गदारोळ झाला त्यातूनच न्यूझीलंडमध्ये सरकारी रेसिडेंट नेमायची हालचाल वाढली. म्हणजे दयाळू मंडळींच्या फाइलमध्ये हा माणूस आधीपासून होता, फक्त तेव्हा 'रानटी' या रकान्यात. १८४३ मध्ये त्यालाच 'अन्याय झालेला' या रकान्यात टाकायची वेळ आली. या मंडळींना बिचारा आणि निष्पाप असा मूळ रहिवासी आवडायचा, आणि समोर आला एक मुरब्बी राजकारणी ज्याने स्वतः जमिनी जिंकलेल्या. खेळाच्या मैदानावर न्यूझीलंडचा रग्बी संघ जो 'का माते' हाका, म्हणजे आवेशाचा माओरी नाच, करतो तो याच माणसाचा.

१७ जून

झोपडी जळाल्यावर नेल्सनच्या मॅजिस्ट्रेटने, हेन्री ऑगस्टस थॉम्प्सन त्याचं नाव, जाळपोळीचं वॉरंट काढलं. इथे खरी मेख आहे. वाद जमिनीचा, स्पेनसमोर पडलेला, म्हणजे आपल्या भाषेत दिवाणी. त्याचा थॉम्प्सनने फौजदारी केला. जमिनीवर बोलायलाच नको, तू झोपडी जाळलीस की नाही एवढं सांग.

वॉरंट घेऊन पन्नासेक माणसं निघाली, त्यात आर्थर वेकफील्ड, मोजणीवाले आणि बरेचसे मजूर, ज्यांतल्या कित्येकांनी बंदूक नीट धरलेलीही नव्हती. १७ जूनला तुआमारिना ओढ्याच्या एका काठाला हे, दुसऱ्या काठाला ते राउपराहा, नव्वदेक पुरुष आणि बायकापोरं. ओढ्यात एक होडी आडवी लावली, पूल म्हणून. थॉम्प्सन पलीकडे गेला. ते राउपराहाने हात पुढे केला तो त्याने घेतला नाही. बेड्या बाहेर काढल्या. पुआहा नावाचा ख्रिस्ती झालेला तरुण प्रमुख हातात बायबलमधला 'नवा करार' घेऊन मध्ये उभा राहून भांडू नका म्हणून विनवत होता, हे चित्र डोळ्यासमोर आणा, मिशनने दिलेलं पुस्तक हातात धरून माओरी माणूस शांतता मागतोय आणि मिशनच्याच धर्माचा मॅजिस्ट्रेट तापलेला आहे.

गोळी सुटली. कुणाची, मुद्दाम की चुकून, यावर तेव्हापासून वाद आहे. पहिल्या गोळीबारात ते रंगिहाएआताची बायको ते रोंगो मेली. गोरे टेकडीवर पळाले, काही निसटले, बाकीच्यांनी पांढरं फडकं दाखवून शस्त्रं टाकली. ते रंगिहाएआता आला आणि त्याने उतू मागितलं. उतू म्हणजे नुसता सूड नव्हे, हिशेब फेडणं, बरोबरी करणं. प्रमुखाच्या घरची बाई मेली आहे, तेव्हा शरण आलेल्यांना सोडता येणार नाही. आर्थर वेकफील्ड, थॉम्प्सन आणि शरण आलेले बाकीचे तिथेच मारले गेले. एकूण २२ गोरे गेले, माओरी निदान चार.

नेल्सन आणि वेलिंग्टनमध्ये काय झालं असेल याची कल्पना करा. सूड पाहिजे, सैन्य आणा, पेपर तेवढ्यानेच भरलेले. घटनेला नाव पडलं 'वैराऊचं हत्याकांड'. आता तिकडे 'वैराऊची चकमक' किंवा नुसतं 'वैराऊची घटना' म्हणतात. आपल्याकडे १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर यावर जी मारामारी असते तसंच.

गव्हर्नर अर्धा तास गप्प बसला

पहिला गव्हर्नर हॉब्सन १८४२ मध्येच वारला होता. नवा गव्हर्नर डिसेंबर १८४३ मध्ये आला, रॉबर्ट फिट्झरॉय. हो, तोच, डार्विनला घेऊन जाणाऱ्या 'बीगल'चा कप्तान. कट्टर धार्मिक, कडक, तापट, आणि मनापासून दयाळू. त्याची दया कशी होती याचा एक जुना नमुना: १८३० मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून चार मूळ रहिवाशांना उचलून इंग्लंडला नेलं, त्यांना इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म शिकवून परत सोडायचं म्हणून. एक तर देवीने मेला. बाकीच्यांना त्याने खरंच स्वतःच्या खर्चाने परत पोचवायची तयारी केली. चांगला माणूस. पण तुमचं भलं कशात आहे हे मला विचारा, असा चांगला.

फेब्रुवारी १८४४ मध्ये तो युद्धनौकेवरून नेल्सनला गेला आणि पहिल्यांदा झापलं ते गोऱ्यांना. प्रमुखांना पकडायचं वॉरंट ज्या मॅजिस्ट्रेटांनी सही केलं होतं त्यांचे राजीनामे मागितले. वसाहतवाल्यांना हे कसं लागलं असेल! घरचे लोक मेलेत, नवा साहेब येतो आणि आपल्यालाच सुनावतो.

मग १२ फेब्रुवारीला उत्तर बेटावरचं वाइकानाए. सुमारे ५०० माओरी जमलेले. फिट्झरॉयने सांगितलं की एक बाजू मी ऐकली, आता तुमची सांगा. ते राउपराहा उठला आणि जमिनीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, मोजणी, झोपडी, बेड्या, गोळी, ते रोंगो. ऐकून झाल्यावर गव्हर्नरने विचार करायला वेळ मागितला आणि अर्धा तासभर सगळी सभा गप्प. मग निकाल. आधी चुकले ते गोरे, जमीन तुमची की नाही हे ठरायच्या आधी त्यांना मोजणीचा आणि घरं बांधायचा हक्क नव्हता. म्हणून मी त्यांच्या मरणाचा सूड घेणार नाही. पण शरण आलेल्या माणसांना मारलंत हा घोर गुन्हा आहे, ते आमच्यात कुणी करत नाही, पुन्हा होता कामा नये. झालं. शिक्षा नाही.

१८४४ साल, साम्राज्याचा भर उन्हाळा, २२ ब्रिटिश मेलेत, एक त्यातला प्रतिष्ठित नौदल अधिकारी, आणि साम्राज्याचा प्रतिनिधी ५०० 'नेटिवां'समोर उभं राहून म्हणतो की चूक आमची. असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. आणि लंडनमधल्या वसाहतमंत्री लॉर्ड स्टॅन्लीने हे उचलून धरलं, थॉम्प्सनने केलेलं बेकायदा आणि अन्यायाचं होतं असं लिहून. पुढे चौकशीतही वैराऊ विकलंच गेलं नव्हतं असं निघालं. म्हणजे त्या दयेला न्याय कळत होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बरं, यावर नेहमीचा आक्षेप असा की फिट्झरॉयकडे दुसरा पर्याय काय होता? सैनिक मोजके, तिजोरी रिकामी, देशात माओरी अंदाजे ८० हजार आणि गोरे दहा-बारा हजार. दया कसली, ही हतबलता. हे बरोबर आहे, पण अर्धंच. हतबल माणूस गप्प बसला असता, चौकशी चालू आहे म्हणून दोन वर्षं काढली असती, तशी सोय होती. मॅजिस्ट्रेटांना घरी बसवायची काही गरज नव्हती. त्याने ते केलं कारण त्याला ते पटलं होतं. ताकद नव्हती म्हणून दया परवडली असं उलटं म्हटलं तर जास्त जुळतं, आणि पुढे ताकद आल्यावर काय झालं ते बघितलं की पटतं.

माओरी बाजूला हा निकाल कसा वाटला? दया म्हणून तर नाहीच. दोन्हीकडची माणसं मेली, हिशेब मिटला, इथपर्यंत ठीक. पण एवढी माणसं मारल्यावर समोरचा काहीच घेत नाही, ना माणसं ना जमीन, हे विचित्र होतं. ते रंगिहाएआता गव्हर्नरला भोपळा म्हणाला असं सांगतात, म्हणजे मऊ, आत काही नसलेला. मराठीत भोपळा म्हणजे शून्य, तेही लागू पडतं.

फिट्झरॉय तिथे थांबला नाही. त्याच वर्षी त्याने कायदा केला की चोरीत दोषी ठरलेल्या माओरीने चोरलेल्या मालाच्या चौपट भरपाई दिली तर तुरुंग नाही, आणि माओरीला पकडायचं तर त्याच्या प्रमुखांमार्फत. म्हणजे उतूच्या कल्पनेला इंग्रजी कायद्यात थोडी जागा. मला हा त्याचा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, इतर वेळी हे लोक माओरींना इंग्रज करायला निघालेले असायचे, इथे कायदाच दोन पावलं त्यांच्याकडे सरकला. वसाहतवाल्यांनी अर्थातच बोंब ठोकली. लंडनमध्ये कंपनीचे लोक पार्लमेंटमध्ये वजन राखून होते, १८४४ च्या कॉमन्स समितीने तर वाइतांगीचा करारच अविचारी होता असा सूर लावला. त्यात उत्तरेला होने हेके या माओरी प्रमुखाने ब्रिटिश झेंड्याची काठी तोडली, मार्च १८४५ मध्ये कोरोरारेका गाव पडलं, पैसे संपले, आणि फिट्झरॉयला परत बोलावलं.

मग आला ग्रे

नवा गव्हर्नर जॉर्ज ग्रे, त्याची गंमत म्हणजे तो दयेच्या विरोधी पक्षातला नव्हता. ऑस्ट्रेलियात असताना मूळ रहिवाशांना 'सुधारायचं' कसं यावर त्याने अहवाल लिहिलेला, तो लंडनला फार आवडलेला. न्यूझीलंडमध्ये तो माओरी शिकला, त्यांच्या कथा-गाणी जमवली, माओरींसाठी दवाखाने काढले, मिशनच्या शाळांना पैसे दिले. त्याच्याकडे मात्र सैन्य होतं आणि पैसाही होता.

रक्षकांचं खातं त्याने १८४६ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी २३ जुलैला पहाटे पोरिरुआजवळच्या वस्तीत सैनिक आणि पोलीस शिरले आणि झोपेतल्या ते राउपराहाला उचलून जहाजावर नेलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. दीड वर्ष असाच अडकवून ठेवला, आधी युद्धनौकेवर, मग ऑकलंडला. वाइकानाएला ज्याचं म्हणणं गव्हर्नरने ५०० लोकांसमोर ऐकून घेतलं त्याला आता कुणी विचारलंसुद्धा नाही.

तो कैदेत असताना, मार्च १८४७ मध्ये, वैराऊ विकलं गेलं. सरकारला, ३००० पौंडाला, हप्त्याहप्त्याने. सह्या करणाऱ्यांत त्याचा मुलगा तामिहाना आणि पुआहा, तोच, नवा करार घेऊन मध्ये उभा राहिलेला. खोऱ्यासोबत दक्षिणेकडची केवढी तरी किनारपट्टी त्या कागदात गेली. म्हातारा ओलीस, त्याची सुटका मनात, समोर गव्हर्नर, आणि कागदावर मात्र संमती मोकळी. नॉर्मनबीच्या सूचनांना धरूनच झालं सगळं, सरकारनेच घेतलं, पैसे देऊन घेतलं, मालकांनी सही केली. १८४३ मध्ये कंपनीला जे बंदुका नेऊन जमलं नाही ते चार वर्षांनी दयाळू गव्हर्नरने खरेदीखताने केलं. आणि मूळचे रंगिताने? त्यांना या खरेदीत कुणी मोजलंच नाही. त्यांचे दावे एकविसाव्या शतकात येऊन मिटले.

ग्रेला ढोंगी म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. फिट्झरॉय आणि ग्रे यांच्यात सच्चा कोण आणि खोटा कोण असा फरक नाहीच. दोघांनाही माओरींचं भलं हवं होतं आणि दोघांच्याही मनात ते भलं ठरवणारी खुर्ची एकच होती. फिट्झरॉय त्या खुर्चीवर बसून अर्धा तास गप्प राहिला आणि समोरच्याचं ऐकलं. ग्रे बसला आणि ऐकायची गरज त्याला वाटली नाही. ते राउपराहाने मागितलं होतं ते वेगळंच, खुर्चीवाल्याची कृपा नको, ठरलेली चौकशी होईपर्यंत थांबा. ते फक्त थॉम्प्सनने नाकारलं असं नाही, १८४७ मध्येही नाकारलं गेलं, जरा सभ्यपणे.

कंपनीच्या त्या दहाव्या हिश्शाचं काय झालं तेही सांगतो. स्पेनने १८४५ मध्ये नेल्सनकडे कंपनीला १,५१,००० एकर मंजूर केले, म्हणजे माओरींसाठी १५,१०० एकर राखायला हवे होते. राखले ५,१००. बाकीचे दहा हजार कागदावरसुद्धा उतरले नाहीत. त्यावरचा दावा वंशजांनी लावला आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हो, ही जमीन सांभाळायची विश्वस्त म्हणून जबाबदारी सरकारवर होती. १८४५ चा निवाडा, २०१७ चं उत्तर. आपले जमिनीचे कज्जे त्यामानाने बरेच म्हणायचे.

ते राउपराहाला १८४८ च्या सुरुवातीला घरी जाऊ दिलं, ओताकीला, आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये तो वारला. पहाटेच्या त्या धरपकडीबद्दल सरकारने न्गाती तोआंची माफी मागितली ती २०१० नंतरच्या समझोत्यात. वैराऊ खोऱ्यात आता ब्लेनहाइम नावाचं गाव आहे, आजूबाजूला मैलोन्‌मैल द्राक्षाचे मळे, जगभर जाणारी वाइन तिथलीच. गावात एक जुनी तोफ ठेवलेली आहे, ब्लेंकिन्सॉपने खोऱ्याच्या बदल्यात दिलेली ती हीच असं सांगतात.